राजोडीचा वाकडा पॉइंट

सूर्य मावळणे ही नैसर्गिक प्रक्रिया असली, तरी ती कोणत्याही नियोजनाविना घडू देणे प्रगत शहराला शोभत नाही. वसई-विरारला पश्चिमेकडे अख्खा समुद्र लाभलेला असूनही कित्येक वर्षे येथे सूर्य मनाला येईल तसा आणि मनाला येईल तिथे मावळत असे. पाचूबंदरला तो होड्यांच्या मागे जाई, राजोडीला सुरूच्या झाडांमागे. लोक आपापली कामे करीत राहत. (मासळीचा लिलाव सूर्यास्तासाठी एकदाही थांबवल्याचे ऐकिवात नाही.) ही बेशिस्त प्रथम ज्यांच्या नजरेला खटकली ते श्री. सुधाकर बिवलकर.

सुधाकरराव विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि विरार पश्चिमेला एका टॉवरमध्ये राहू लागले. हा फ्लॅट 'सी व्ह्यू' म्हणून घेतलेला होता आणि त्यात फसवणूक मुळीच नव्हती. न्हाणीघरात स्टुलावर उभे राहून झरोक्यातून डावीकडे मान काढली की समुद्र दिसत असे. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात पत्नी आशालताबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले, "अहो, दिवसभर माझ्या पायात पायात येऊ नका. बाहेर काहीतरी करा." देशाला आजवर जे समाजसेवक मिळाले, त्यांतले बरेचसे याच वाक्यातून मिळाले आहेत.

एका रविवारी सुधाकरराव राजोडीला गेले. समुद्र होता, वाळू होती, वारा होता. पण पाटी नव्हती. जिथे पाटी नाही तिथे नेमके काय पाहायचे हे माणसाला कळावे कसे? ते अर्धा तास नुसते इकडून तिकडे फिरले आणि सूर्य मावळला तेव्हा भेळवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होते. घरी परतताना त्यांच्या मनात संकल्प पक्का झाला. त्यातून 'पश्चिम क्षितिज पर्यटन संवर्धन मंडळ' स्थापन झाले. अध्यक्ष सुधाकरराव. संकल्पना सल्लागार म्हणून त्यांचा भाचा कौस्तुभ. कौस्तुभ लोकांच्या स्वयंपाकघरांच्या ट्रॉल्या करून देतो. म्हणजे बंद जागेत मोकळेपणाचा आभास कसा निर्माण करावा याचे शिक्षण त्याच्याजवळ होते. मोकळ्या जागेत उलटे काम करायचे होते, इतकेच.

मंडळाने किनारा पाहून एक जागा पक्की केली. ती होती ॲंजेलाबाईंच्या घरासमोर.

ॲंजेलाबाई मासेमाराची विधवा. नवरा होता तोवर त्याने आणलेली मासळी विकली, तो गेल्यावर दुसऱ्यांची घेऊन विकली. कौलारू घर, मागे विहीर, बाजूला केळीची छोटी वाडी. मुलगी प्रिस्का नालासोपाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स. घर आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूच्या झाडांची दाट रांग होती. त्यामुळे घराच्या ओट्यावरून समुद्र ऐकू येई, दिसत नसे. हा त्या घरातला मोठा दोष आहे असे मंडळाचे एकमत झाले आणि तो स्वखर्चाने दूर करण्याची तयारीही मंडळाने दाखवली.

सुधाकरराव आणि कौस्तुभ ही आनंदाची बातमी घेऊन ओट्यावर आले, तेव्हा ॲंजेलाबाई मांदेली साफ करत होत्या.

"बाई, तुमच्या घराला आम्ही सी व्ह्यू देतोय," सुधाकरराव म्हणाले. "अगदी विनामूल्य."

"मना काय करायचाय?" ॲंजेलाबाईंनी मान वर केली नाही. "जनम गेला त्या पान्याच्या वासात. आता बघत काय बसू?"

"पण ही झाडं मध्ये येतात ना."

"येऊ द्या की. नायतर वारा सुटला की वाळू सरळ भातात येते. चुलीवरचं झाकन काढायची सोय नाय."

कौस्तुभने हे टिपून घेतले आणि अहवालात 'स्थानिकांच्या स्वयंपाकविषयक काही सूचना प्राप्त' असा उल्लेख केला. परवानगी मिळायला वेळ लागला नाही. हिरवी झाडे तोडता येत नाहीत. धोकादायक झाडे तोडता येतात. कौस्तुभच्या पाहणीत असे आढळले की यातले प्रत्येक झाड केव्हा ना केव्हा पडणार आहे, आणि पडेल तेव्हा खाली कोणी ना कोणी असू शकते. इतका स्पष्ट धोका समोर असताना संबंधित कार्यालयाला डोळेझाक करणे शक्य नव्हते.

तोडायला माणसे आली त्या दिवशी ॲंजेलाबाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन एका झाडाखाली टाकली आणि त्या तिथे बसून राहिल्या. भोवतालची झाडे एकेक करून पडत होती. बाई हातातली जपमाळ ओढत होत्या. प्रिस्का ड्यूटी अर्धी टाकून आली.

"आय, ऊठ. लागंल काही."

"लागू दे. त्यांना म्हनावं, हे एक ठेवा."

मंडळ कठोर नव्हते. ते झाड ठेवले गेले. दुसऱ्याच दिवशी कौस्तुभने त्याच्या खोडात चार लांब खिळे ठोकून पाटी लावली : 'एकाकी वृक्ष. छायाचित्रासाठी रांगेत उभे राहावे.' पुढे वैशाखात वादळी वारा सुटला तेव्हा ते झाड मुळासकट आडवे झाले. शेजारी झाड नसले की सुरू उभा राहत नाही. पाटी मात्र शाबूत होती. ती आडव्या झाडावरही वाचता येई.

मोकळ्या झालेल्या जागी सिमेंटचा उंच कट्टा झाला. स्टीलचे कठडे आले. फायबरचे दोन डॉल्फिन आले. (राजोडीला डॉल्फिन दिसत नाहीत, ती उणीव यामुळे भरून निघाली.) समोर मोठ्या अक्षरांत 'सनसेट पॉइंट' अशी पाटी लागली. ती बरोबर पश्चिमेला, म्हणजे सूर्य आणि पाहणारा यांच्या मध्ये होती. कारण पाटी सूर्यासह फोटोत यावी, अशी देणगीदारांची अट होती.

उद्घाटनाला माननीयांना बोलावले होते. माननीयांना त्या दिवशी आधी एक व्यायामशाळा, एक बारसे आणि एक गटार अशी तीन उद्घाटने होती. निमंत्रित खुर्च्यांवर येऊन बसले. सूर्य खाली येऊ लागला. सुधाकरराव एकदा घड्याळाकडे, एकदा रस्त्याकडे आणि एकदा सूर्याकडे बघत होते. तिघांपैकी कोणीही त्यांचे ऐकत नव्हते. शेवटी सूर्याने कसलेही तारतम्य न बाळगता समुद्रात बुडी मारली. शिष्टाचाराचा एवढा उघड भंग राजोडीने याआधी पाहिला नसेल.

अंधार पडल्यावर माननीय आले. परंतु संकटकाळी डोके शांत ठेवणारी माणसे या मातीत अजून आहेत. व्यासपीठामागे सूर्यास्ताचा भलाथोरला फ्लेक्स लावलेला होता. चित्र इंटरनेटवरून घेतलेले होते. (कोपऱ्यात तोकड्या कपड्यातले एक परदेशी जोडपे होते, त्यांच्यावर मंडळाचे बोधचिन्ह चिकटवण्यात आले होते.) कौस्तुभने फ्लेक्सच्या मागे हॅलोजनचे दोन दिवे लावले. माननीयांनी फीत कापली, फ्लेक्समधला सूर्य झळाळून उठला, टाळ्या पडल्या. माननीय भाषणात म्हणाले, "असा सूर्यास्त मी आयुष्यात पाहिलेला नाही." त्यांच्या सार्वजनिक जीवनातले हे बहुधा एकमेव विधान असावे, ज्याच्या सत्यतेविषयी विरोधकांनाही शंका घेता आली नाही.

त्यानंतर लोक येऊ लागले. सुट्टीच्या दिवशी उभे राहायला जागा मिळेना. मंडळाने शास्त्रीय पाहणी केली. तीत असे आढळले की सूर्यास्ताच्या वेळी शंभरातले ब्याण्णव पर्यटक सूर्याकडे पाठ करून उभे असतात, पाच फोनमध्ये आधीच्या फोटोला किती पसंती मिळाली ते बघतात, दोघे मुतारी शोधतात आणि एक जण सूर्याकडे बघतो. हा एक जण मंडळाने नेमलेला सुरक्षारक्षक शत्रुघ्न होता. त्याची नोकरी नवी होती. पुढे त्याचीही ही सवय सुटली.

मुतारी शोधणाऱ्यांना ती ॲंजेलाबाईंच्या केळींमध्ये सापडत असे.

बाईंनी आधी ओरडून पाहिले. मग काठी घेऊन उभ्या राहिल्या, तर लोकांनी काठीसकट त्यांचे फोटो काढले. शेवटी त्यांनी बांबूचे मांडव उचलून आणले, कट्ट्याच्या अगदी तोंडाशी उभे केले आणि त्यांवर बोंबील वाळत घातले. दुपारच्या उन्हात जो वास सुटला, त्याने टॉवरमधली माणसे तडक टॉवरमध्ये परत जातील असा त्यांचा अंदाज होता. पण शहरी माणसाला त्या ओळखतच नव्हत्या. संध्याकाळपर्यंत तिथे 'पारंपरिक सुगंध' अशी पाटी लागली होती. एक तरुणी बोंबील कानाशी धरून कर्णभूषणासारखा लटकवत होती आणि तिचा मित्र "अगं, थोडं हस ना, नॅचरल!" असे ओरडत होता. जाताना बरेच जण एकेक बोंबील आठवण म्हणून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी बाईंनी मांडव काढले. तेव्हा कौस्तुभ घरी येऊन म्हणाला, "आंटी, काढू नका ना, प्लीज. रिव्ह्यू फार चांगले येतायत."

पावसाळ्यात समुद्राला उधाण आले. पूर्वी ते सुरूपर्यंत येऊन परत फिरत असे. आता त्याला अडवायला दोन डॉल्फिन होते. लाटांनी कट्ट्याच्या पायातली वाळू ओढून नेली, वाट वाकडी करून पाणी वाडीत शिरले, आणि ओसरले तेव्हा विहीर खारट झाली होती. केळी बुंध्यापासून कुजू लागल्या. प्रिस्का रोज दवाखान्यातून येताना स्कूटीवर पाण्याचा कॅन आणू लागली.

मंडळाची बैठक टॉवरच्या क्लबहाउसमध्ये भरली होती. ॲंजेलाबाई तिथे आल्या. लुगड्याचा काष्टा, पायात स्लीपर, हातात पाण्याची बाटली. त्यांनी बाटली सुधाकररावांच्या समोर ठेवली.

"प्या."

"काय आहे हे, बाई?"

"माज्या हिरीचं पानी. लग्न होऊन आले तवापासून तेच प्याले. आता तुमी प्या."

सगळे अध्यक्षांकडे बघत होते. सुधाकरराव सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, तो तोंडात थोडा वेळ धरला, मोठ्या कष्टाने गिळला आणि म्हणाले, "खनिजं भरपूर आहेत."

"आंटी, पॉझिटिव्हली बघा," कौस्तुभ म्हणाला. "समुद्र तुमच्या दारात आलाय. लोक यासाठी मालदीवला जातात."

"मग तू जा," ॲंजेलाबाई म्हणाल्या. "मी हाय तिथंच बरी. माज्या घरातून मना कशाला पाठवतोस?"

यावर अध्यक्षांनी विषयपत्रिकेचे पान उलटले. मग समोसे आले. बाईंनी समोसा घेतला नाही. मंडळाने बाधित कुटुंबाविषयी सहानुभूतीचा ठराव एकमताने मंजूर केला आणि डॉल्फिनना गंजरोधक रंग देण्याचा ठराव बहुमताने. (एका सदस्याचा रंगाला विरोध होता.)

भाद्रपदात पुन्हा मोठी भरती आली. वार रविवार. कट्टा माणसांनी फुललेला. सुधाकरराव कठड्याला टेकून एका चॅनेलवाल्या मुलाला मुलाखत देत होते. खालून एक आवाज आला. मुलगा म्हणाला, "काका, हे हललं का?"

"बांधकाम श्वास घेतं," सुधाकरराव म्हणाले.

आणि कट्टा समुद्राच्या बाजूला कलला. आधी सावकाश, मग एकदम. माणसे किंचाळत वरच्या कडेकडून वाळूत उड्या टाकून पळाली. सुधाकरराव मात्र उतारावरून घसरत थेट खालच्या कठड्यापर्यंत गेले आणि एका डॉल्फिनला मिठी मारून लोंबकळू लागले. प्रत्येक लाट त्यांच्या डोक्यावरून जात होती. चष्मा गेला. एक बूट गेला. किनाऱ्यावर निदान दोनशे माणसे होती आणि दोनशे हात वर होते. प्रत्येक हातात फोन होता.

ॲंजेलाबाईंनी आरडाओरडा ऐकला आणि त्या धावत बाहेर आल्या. काय झाले ते बघून पुन्हा आत गेल्या आणि नवऱ्याच्या होडीचा जाड दोर घेऊन आल्या. प्रिस्काने एक टोक अंगणातल्या माडाला बांधले. बाई कमरेइतक्या पाण्यात शिरल्या.

"साहेब, दोर धरा!"

दोर सुधाकररावांच्या खांद्यावर जाऊन पडला. नेमक्या त्याच क्षणी गर्दीतून कोणीतरी ओरडले, "काका, इकडे बघा!" सुधाकररावांनी इकडे बघितले. दोर घसरून पाण्यात गेला. मागून आलेल्या लाटेने त्यांचा हात डॉल्फिनवरून सुटला आणि ते दिसेनासे झाले.

ॲंजेलाबाई गळ्याइतक्या पाण्यात गेल्या. त्यांच्या हाताला आधी सदरा लागला, मग केस. मायलेकींनी त्यांना ओढत वाळूवर आणले. सुधाकररावांनी भडाभडा पाणी ओकले. तेही अर्थातच खनिजयुक्त होते.

ओट्यावर बसवून बाईंनी त्यांना नवऱ्याचा जुना सदरा दिला आणि कोरा चहा पाजला. सुधाकरराव थरथरत होते. कप तोंडाला लावता येईना, म्हणून प्रिस्काने तो धरला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. जरा वेळाने म्हणाले, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार ऱ्हाऊ द्या," ॲंजेलाबाई म्हणाल्या. "तुमी मानसं एक करा. ते मोडलेलं उचला आनि आमच्या दारातून जा. झाडं पुन्ना लावू आमी."

"उद्याच. शब्द देतो."

हे त्यांनी मनापासून म्हटले होते, याबद्दल मला तिळमात्र संशय नाही. सकाळी आशालताबाईंनी चहा दिला तेव्हाही त्यांचा विचार कायम होता. "मंडळ बरखास्त करतो," ते म्हणाले. "बस झालं." आशालताबाईंनाही ते पटले. त्या म्हणाल्या, "त्या बाईंना आधी चांगलं लुगडं घेऊन जा." मग कौस्तुभ आला.

सुधाकररावांचे लोंबकळणे आठ लाख लोकांनी पाहिले होते. नाशिक, पुणे, सुरत इथून विचारणा येत होती. ज्या कट्ट्याला सरळ असताना विरार पूर्वेचीही माणसे पुरेशी ओळखत नव्हती, त्याने कलल्याबरोबर राज्याच्या सीमा ओलांडल्या होत्या. सुधाकररावांनी स्वतःला चार वेळा पाहिले. पाचव्या वेळी म्हणाले, "दोर घसरायच्या आधी मी वळून बघतो ना, तिथे चेहरा बरा आलाय."

दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आले की कट्टा हटवणे म्हणजे लोकभावनेचा अनादर ठरेल. दिलेला शब्द ही खाजगी बाब होती. आठ लाख ही सार्वजनिक. पारडे कोणत्या बाजूला झुकले असेल हे सांगायला नको. कट्ट्याने दिशा आधीच दाखवून दिली होती. जुनी पाटी काढून 'वाकडा पॉइंट' अशी नवी पाटी लागली. वाकड्या कट्ट्यावर उभे राहिले की क्षितिज तिरपे दिसते आणि सूर्य घसरगुंडीवरून उतरल्यासारखा मावळतो. असा सूर्यास्त जगात अन्यत्र उपलब्ध नाही. लुगडे मात्र ठरल्याप्रमाणे पोचले. उभ्या रेघा, हिरवे काठ. ॲंजेलाबाईंनी ते दारातूनच परत पाठवले.

पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता प्रिस्का आईला नालासोपाऱ्याला घेऊन गेली. दुसरा इलाज नव्हता. घराची समुद्राकडची भिंत फुगली होती आणि पाणी तर कॅनचेच. तिथल्या भाड्याच्या खोलीला खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. बाई पहिल्या आठवड्यात रोज तिथे बसत. मग त्यांनी खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केले.

मे महिन्यात त्या प्रिस्काला घेऊन राजोडीला गेल्या. अंगणात घराण्याचा क्रूस आहे, तिथे दरवर्षी मेणबत्त्या लावून प्रार्थना करायची. शेजारच्या चार बायका आल्या होत्या. प्रार्थना सुरू झाली. क्रूसाच्या मागेच वाकडा पॉइंट, आणि त्यामागे सूर्य टेकलेला. एक कुटुंब जरा वेळ थांबले. मग त्यातली बाई अदबीने पुढे आली.

"आजी, पाचच मिनिटं बाजूला होता का? सूर्य चाललाय."

ॲंजेलाबाईंनी तिच्याकडे पाहिले. ती सूर्याकडे पाठ करून, केस सारखे करत उभी होती.

"बाय, सूर्य तुज्या मागं हाय. वळ नि बघ की."

"नाही हो," ती बाई हसून म्हणाली, "आम्हाला तो मागेच हवाय."

ॲंजेलाबाई हलल्या नाहीत. त्यांनी प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा सुरू केली, या वेळी मोठ्याने. कुटुंबाने त्यांच्यासकट फोटो काढला आणि ते निघून गेले.

ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. श्रोते सुसंस्कृत असतात. झाडांपाशी ते चुकचुकतात, बाटलीपाशी त्यांना राग येतो, क्रूसापाशी कोणीतरी चष्मा पुसते. "लोकांना काही वाटत कसं नाही!" असेही कोणीतरी म्हणतेच. आणि मग, जाताजाता, जरा आवाज खाली आणून, प्रत्येक जण मला एकच गोष्ट विचारतो. तुम्हीही आत्ता तीच विचारणार आहात, म्हणून तुमचा संकोच वाचवतो.

हो, पार्किंग आहे. वाडीत आता केळी नाहीत, त्यामुळे मोठी गाडीसुद्धा आरामात वळते. फक्त रविवारी जरा लवकर या.